सल्ला देणाऱ्यावरची बंधने : एका साधनेची पार्श्वभूमी

सल्ला देणे आणि घेणे ही साधना आहे, हा विचार आज नवा वाटतो; पण त्याची मुळे निरनिराळ्या धर्मपरंपरांमध्ये फार जुनी आहेत. ऐकणाऱ्याने नम्र असावे, ही अपेक्षा सर्वांनाच ठाऊक असते. मात्र या परंपरांनी सांगणाऱ्यावर जी बंधने घातली, त्यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही, आणि माझ्या मते सल्ल्याला साधनेचे रूप आले ते प्रामुख्याने या बंधनांमुळेच.

उपनिषदांत जिज्ञासू हातात समिधा घेऊन गुरूकडे जातो आणि विचारल्यावरच संवाद सुरू होतो. तैत्तिरीय उपनिषदातील आचार्य निरोपाच्या वेळी शिष्याला सांगतात, की आमची जी चांगली आचरणे असतील तीच तू उचल, इतर नकोत. स्वतःच्या उणिवांची ही कबुली उपदेशातच आलेली आहे, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. गीतेच्या अठराव्या अध्यायातही श्रीकृष्ण सर्व सांगून झाल्यावर अर्जुनाला म्हणतात, ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’, म्हणजे याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर.

या विचाराला संस्थेचे काटेकोर रूप दिले ते बौद्ध संघाने. वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातील एका जागच्या मुक्कामाच्या, शेवटी भिक्षू ‘पवारणा’ नावाचा विधी करतात. ज्येष्ठ भिक्षू उत्तरीय एका खांद्यावर घेऊन, उकिडवा बसून, हात जोडून संघाला तीनदा विनंती करतो, की माझ्या हातून काही चूक झाल्याचे आपण पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असेल, तर माझ्यावर दया करून मला सांगा. दोष दिसल्यास मी तो सुधारीन. त्यानंतर कनिष्ठांची पाळी येते. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात तर श्रावस्तीच्या पूर्वाराम विहारात स्वतः बुद्धच आपल्या वागण्याबोलण्यात काही आक्षेपार्ह आहे का, असे भिक्षूंना विचारतात. दोष दाखवणाऱ्यासाठीही विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमावलीत, पाच कसोट्या आहेत: बोलणे योग्य वेळी व्हावे, खरे असावे, मृदू असावे, हिताचे असावे आणि मनात द्वेष नसून मैत्री असावी. बोलण्यापूर्वी आपण स्वतः त्या दोषापासून मुक्त आहोत का, हेही त्याने तपासायचे असते.

इसवी सनाच्या चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांकडे लोक ‘अब्बा (म्हणजे बाबा), मला एक वचन द्या’ अशी विनवणी घेऊन येत. मिळणारे उत्तर बहुधा एखाद्या वाक्याचे असे आणि ते त्या एका माणसापुरतेच असे. चुकीच्या सल्ल्याने काय होते, हेही या लोकांनी जवळून पाहिले होते. जॉन कॅसियन या ख्रिस्ती मठवाशाने पाचव्या शतकात लिहून ठेवलेल्या प्रसंगात एक तरुण साधक कामवासनेच्या विचारांनी त्रासून एका वृद्धाकडे जातो. वृद्ध त्याला इतके कठोर बोलतो, की आपण या मार्गाला नालायकच आहोत असे वाटून तो संसार थाटण्यासाठी गावाकडे निघतो. वाटेत अब्बा अपोलो त्याचा चेहरा पाहून चौकशी करतात, अशा विचारांचा त्रास या वयातही मला होतो असे सांगून त्याला धीर देतात आणि माघारी वळवतात. मग ते प्रार्थना करतात, की तीच यातना त्या वृद्धाला भोगायला मिळावी, म्हणजे दुसऱ्याच्या दुर्बलतेविषयी त्याला कळवळा येईल. थोड्याच वेळात वृद्धही भ्रमिष्टासारखा त्याच वाटेने धावत सुटतो.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी केलेल्या नियमावलीत महत्त्वाच्या प्रश्नांवर सर्वांचे मत घ्यावे असे सांगितले, कारण अधिक चांगले काय ते ईश्वर अनेकदा लहानांना उमगू देतो. अंतिम निर्णय मात्र मठाधिपतीकडेच ठेवला. इस्लाममध्ये ‘दीन (धर्म) म्हणजे नसीहत’ ही हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, प्रसिद्ध आहे. प्रामाणिक हितचिंतन हाच धर्माचा गाभा मानला गेला. जेझुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या साधनाक्रमाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. साधना चालू असताना मार्गदर्शकाने साधकाला कोणत्याही एका निवडीकडे झुकवू नये, तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे आणि ईश्वराला त्याच्याशी थेट व्यवहार करू द्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

इंग्लंडमधील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी याच्याही पुढची पायरी गाठली. बाल्बी येथील ज्येष्ठांनी 1656 मध्ये अनुयायांना सूचनांचे पत्र पाठवले आणि शेवटी लिहिले, की या गोष्टी आम्ही नियम म्हणून तुमच्यावर लादत नाही. विवाहेच्छूंची चौकशी करण्यासाठी त्यांच्यात जी छोटी मंडळे नेमली जात, त्यांचा उपयोग विसाव्या शतकात व्यक्तिगत निर्णयांसाठीही होऊ लागला. अडचणीत असलेली व्यक्ती मध्ये बसते. भोवतालचे लोक केवळ मनापासूनचे, मोकळे प्रश्न विचारतात, आणि ‘तू असे कर’ म्हणण्याची त्यांना मुभा नसते. दोन प्रश्नांमध्ये शांतता राखली जाते, आणि उत्तर द्यायचे की नाही हेही त्या व्यक्तीनेच ठरवायचे असते.