अध्ययन अक्षमतेचा दाखला: दहावीचा फॉर्म भरेपर्यंत थांबू नका

सहावीतला मुलगा. गोष्ट तोंडी सांगायला लागला की वर्ग कान टवकारतो. वहीत मात्र ‘कमळ’चं ‘मकळ’, जोडाक्षरं गायब, ‘सत्तावीस’ म्हटलं की ७२. (मराठीत आकडा आधी एकक बोलतो, त्याचाही फटका बसतोच.) घरचा शेरा ठरलेला: आळशी आहे. अशा मुलांना अध्ययन अक्षमतेचा दाखला आणि त्यावर परीक्षेत सवलती मिळू शकतात, पण बहुतेक पालक जागे होतात दहावीत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. वाचन, लेखन किंवा गणित अडतं. बुद्धीची अडचण नसते. म्हणून तपासणीत आधी डोळे-कान, मग बुद्ध्यंक, शेवटी वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. एका फेरीत उरकत नाही, दोन-चार हेलपाटे धरूनच चला. वयाची ८ वर्षं पूर्ण हवीत. त्याआधी अक्षरांची उलटापालट बरीच मुलं करतात.

अर्ज ‘स्वावलंबन’ या दिव्यांग दाखल्यांच्या सरकारी पोर्टलवर करायचा. मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा पुरतो. नोंदणी क्रमांक लिहून ठेवा. पुढे सरकारी किंवा पालिकेच्या नेमलेल्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक मुलाला पाहतात.

जाताना शाळेचं पत्र, गुणपत्रिका आणि वह्या न्या. वह्या जशा आहेत तशाच! एका आईने मुलाला बसवून सगळं सुवाच्य उतरवून घेतलं होतं. तज्ज्ञांना ज्या चुका पाहायच्या होत्या त्याच नेमक्या पुसल्या गेल्या.

आरक्षणासाठी दाखल्यावर किमान ४० टक्के अक्षमता लागते. आणि एक गल्लत नेहमी होते: राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगतेसाठी आहे. नुसत्या अध्ययन अक्षमतेवर ती मिळत नाही.

दाखला आला म्हणजे बोर्डाला आपोआप कळत नाही. सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, त्यामुळे मुख्याध्यापकांना नववीतच गाठा. वाढीव वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला अख्खा एक तास. लेखनिक मागणार असाल तर घटक चाचणीपासून सवय लावा. उत्तर येत असलं तरी दुसऱ्याला सांगून लिहून घेणं सोपं नसतं. पहिल्या दिवशी मुलं अर्धं वाक्य पुटपुटतात आणि लेखनिकाच्या पेनाकडे बघत बसतात.