टू-स्ट्रोक क्रँकशाफ्टचे बळकटीकरण

टू-स्ट्रोक इंजिनाची ताकद वाढवण्याआधी त्याचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा दांडा, बाहेर काढून झिजलेले भाग बदलणे, तो सरळ करणे आणि गरज असेल तर त्याचे सांधे वेल्ड करणे, या सगळ्या कामाला मिळून बळकटीकरण म्हणतात. पोर्टिंग (सिलिंडरमधल्या वाटा मोठ्या करणे), एक्स्पान्शन चेंबर (ताकद वाढवणारा फुगीर सायलेन्सर), मोठा कार्ब्युरेटर, हेड कापून वाढवलेले कॉम्प्रेशन हे बदल इंजिनाच्या वरच्या अंगाला होतात. त्यांचा भार मात्र खाली क्रँकवर पडतो. शर्यतीसाठी किंवा वाळूत पळवण्यासाठी बांधलेल्या एटीव्हींमध्ये (रस्त्याबाहेर चालणाऱ्या रुंद चाकांच्या चारचाकी गाड्यांमध्ये) हे काम नेमाने केले जाते. नाशिकसारख्या शहरात त्याची ओळख एटीव्हीपेक्षा जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींमुळे झाली.

बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांना तेलाचा पंप असतो आणि दाबाखालचे तेल बेअरिंगपर्यंत पोचते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीतूनच, पेट्रोल आणि हवेचे मिश्रण सिलिंडरकडे जाते, त्यामुळे तिथे तेल साठवता येत नाही. बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) मिश्रणाबरोबर आलेल्या तेलाच्या तुषारावर भागवावे लागते. एवढ्याशा तेलावर रोलर बेअरिंगच टिकते. ते अखंड रॉडमध्ये बसवायचे, तर क्रँक तुकड्यांतून जोडावा लागतो. दोन जाड पोलादी चकत्या, त्यांच्यामध्ये क्रँकपिन आणि पिनेवर कनेक्टिंग रॉड, अशी ही रचना असते. पिन भोकापेक्षा काही शतांश मिलिमीटर जाड असते आणि प्रेसखाली दाबून बसवतात. तिला बोल्ट नसतो, चावीही नसते; धातूने धातूला धरलेल्या पकडीवर सगळे चालते. क्रँक कमजोर असतो तो या सांध्यांत, चकत्या सहसा मोडत नाहीत.

भार किती वाढतो हे साध्या गणिताने कळते. पिस्टन आणि रॉड वरखाली होताना लागणारे जडत्वाचे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनलेल्या यामाहा आरएक्स १०० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ५० मिमी आहेत आणि मूळ इंजिन मिनिटाला सुमारे ७५०० फेऱ्यांवर सर्वाधिक ताकद देते. एक्स्पान्शन चेंबर लावून ते ९००० पर्यंत नेले, तर फेरे वाढले २० टक्के, पण जडत्वाचे बल वाढले ४४ टक्के. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२.५ मीटरवरून १५ मीटरवर जातो. रॉड आणि बिग एंड मात्र तेच राहतात, आणि बऱ्याचदा तीस वर्षे वापरलेले असतात.

दोन सिलिंडरच्या इंजिनात आणखी एक दुखणे असते. यामाहाची बन्शी ३५० ही या प्रकारातली सर्वांत गाजलेली एटीव्ही. तिचा बोअर ६४ मिमी, स्ट्रोक ५४ मिमी, क्षमता ३४७ घनसेंमी. ही मापे आपल्याकडे एस्कॉर्ट्सने बनवलेल्या राजदूत ३५० चीही आहेत. बन्शी पाण्याने थंड होते आणि राजदूत हवेने, पण क्रँकची कुळी एकच. एका टोकाला मॅग्नेटो किंवा तशीच वीज बनवणारी जोडणी, दुसऱ्या टोकाला क्लचकडे जाणारा गिअर आणि दोन्ही क्रँकपिना एकमेकींपासून १८० अंशांवर. मॅग्नेटोकडच्या सिलिंडरची सगळी ताकद मधल्या सांध्यातून गिअरपर्यंत जाते. एटीव्हीची रुंद चाके सैल मातीत फिरत असतात आणि अचानक खडकावर पकड घेतात, किंवा चालवणारा क्लच झटक्याने सोडतो. तो हिसका थेट या सांध्यावर बसतो. पकड अंशभर जरी सरकली, तरी १८० अंशांचा हिशेब बिघडतो. ठिणगीची वेळ मॅग्नेटोवरून ठरत असल्याने दुसऱ्या सिलिंडरात ती वेळेआधी किंवा उशिरा पडू लागते. वेळेआधी पडली की नॉकिंग होते, म्हणजे मिश्रण भलत्या वेळी भडकून पिस्टनवर हादरे बसतात, आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडू शकते. मिस्त्री मग जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे बारीक भोक) आणि पेट्रोलला दोष देत बसतात, आणि क्रँक उघडेपर्यंत खरे कारण सापडत नाही.

सरळ करणे

कामाचा गाभा इथे आहे. क्रँक प्रेसवर सुटा करतात. रॉड, पिन, बेअरिंग आणि वॉशर यांचा संच नवा घालतात. पिनेचा व्यास आणि भोकाचे माप मायक्रोमीटर आणि बोअर गेजने तपासतात, कारण प्रत्येक वेळी पिन काढताना भोक किंचित सैल होते. बाजारात नकली रॉड किट भरपूर आहेत. खोक्यावरचे नाव वाचून पिनेच्या कठीणपणाचा भरवसा धरता येत नाही. जोडणी झाली की क्रँक दोन सेंटरमध्ये किंवा व्ही-ब्लॉकवर ठेवून हाताने फिरवतात आणि दोन्ही टोकांना लावलेल्या डायल गेजवर (शतांश मिलिमीटर दाखवणाऱ्या काट्याच्या मापकावर) काटा किती हलतो ते पाहतात. चूक दोन तऱ्हेची असते. दोन्ही चकत्या पिनेभोवती एकमेकींपासून सरकलेल्या असतात, किंवा त्या समांतर नसून एका बाजूला आवळलेल्या असतात. पहिली चूक तांब्याच्या किंवा पितळी हातोड्याच्या ठोक्याने काढतात, दुसरी पाचर घालून किंवा क्लॅम्प आवळून. अनेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ०.०५ मिमीची मर्यादा आढळते. ताकद वाढवायच्या इंजिनासाठी मात्र ०.०२ ते ०.०३ मिमीच्या आत आणल्याशिवाय थांबू नये. ऑइल सील पुन्हापुन्हा फाटणे, ठराविक फेऱ्यांवर पायदानात झिणझिण्या येणे, मेन बेअरिंगचा (क्रँकला केसमध्ये धरणाऱ्या बेअरिंगचा) आवाज, हे सगळे बहुधा वाकड्या क्रँकचे पुरावे असतात.

नाशिकमध्ये हे काम दोन हातांत वाटलेले असते. इंजिन गॅरेजचा मिस्त्री उघडतो आणि क्रँक लेथवाल्याकडे पाठवतो. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे शहरात यंत्रकामाचा हात चांगला आहे. सातपूरला बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टरचे नोझल बनतात, ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. अशा उद्योगांना सुटे भाग पुरवणाऱ्या शहरात शतांश मिलिमीटर ही रोजची भाषा असते. अडचण इतकीच की लेथवाल्याला टू-स्ट्रोकची सवय असेलच असे नाही, आणि अनुभवी मिस्त्री कधी कधी काटा न लावता नजरेने क्रँक सरळ करून देतो. दोघांपैकी एकालाच निवडायचे झाले, तर डायल गेजवाला बरा.

वेल्डिंग

क्रँक मजबूत करायचा म्हणजे वेल्ड मारायचा, असा सरधोपट समज आहे. वेल्डने क्रँक सरळ होत नाही. जसा असेल तसा तो कायमचा होतो. वाकडा क्रँक वेल्ड केला, तर वाकडेपणा पक्का होतो. म्हणून सरळ केल्यानंतरच पिनेच्या बाहेरच्या तोंडावर टिग वेल्डिंगचे आखूड टाके घालतात. टाके समोरासमोर आणि मध्ये थंड होऊ देत घालायचे असतात, नाहीतर तापलेली बाजू क्रँकला ओढते. पिनेचे पोलाद कठीण केलेले असल्याने लांब वेल्ड तडकण्याची भीती असते. अर्थिंगचा चिमटा त्याच चकतीला लावावा. प्रवाह बेअरिंगमधून गेला तर रोलरवर बारीक खड्डे पडतात आणि नवा संच पहिल्याच दिवशी बाद होतो. वेल्डनंतर डायल गेज पुन्हा लावणे सक्तीचेच.

बन्शी किंवा राजदूत ३५० सारख्या जोड-सिलिंडर इंजिनाला, विशेषतः ड्रॅगसाठी (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीसाठी) किंवा वाळूसाठी, वेल्ड करणे रास्त आहे. एका सिलिंडरच्या आरएक्सला रस्त्यावर चालवण्यासाठी त्याची सहसा गरज पडत नाही. चांगला रॉड, घट्ट पिन आणि सरळ क्रँक पुरतो. वेल्डचा तोटा पुढच्या वेळी कळतो, कारण रॉड बदलायचा तर आधी वेल्ड घासून काढावा लागतो आणि त्यात चकतीचे भोक खराब होऊ शकते.

क्रँक चांगला असून क्रँककेस खराब असला, तरी मेहनत वाया जाते. ॲल्युमिनियमच्या केसमध्ये मेन बेअरिंगची बाहेरची रिंग फिरू लागली की भोक मोठे होते. त्यावर सेंटर पंचाने ठिपके मारून बेअरिंग ठोकण्याची जुनी खोड अजून गेलेली नाही. थोडी झीज असेल तर रिटेनिंग कंपाउंड (बेअरिंग चिकटवून धरणारे रसायन) चालते, जास्त असेल तर स्लीव्ह (भोकात बसवायची धातूची नळी) बसवावी. बेअरिंग सी-३ दर्जाचे घ्यावे. घट्ट बसवणी आणि उष्णता यांमुळे आतली मोकळीक कमी होते, ती त्यात आधीच जास्त ठेवलेली असते.

जोडणीनंतर इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे बंद करून इंजिनात सुमारे ६ पीएसआय (चौरस इंचाला ६ पौंड) दाबाची हवा भरतात आणि काही मिनिटे दाब टिकतो का ते पाहतात. सीलमधून हवा आत येत असेल तर मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जाम होतो. काही टू-स्ट्रोक गाड्यांत मिश्रणात तेल सोडणारा छोटा ऑइल पंप असतो; तो काढून टाकला असेल, तर १:३२ मिश्रणासाठी ५ लिटर पेट्रोलला सुमारे १५५ मिली तेल लागते. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जेट किंचित मोठा लागतो, आणि ते ओलावाही शोषते. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात तीन-चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हा ओलावा बिग एंडच्या रोलरवर गंज आणतो. पेट्रोल काढून क्रँककेसमध्ये थोडे टू-स्ट्रोक तेल सोडावे आणि किक हाताने दोन-चार वेळा फिरवून मगच गाडी झाकावी.