बालवीरांना दार बंद होतं तेव्हा

शाळेतला स्काऊट बहुतेकांच्या लक्षात राहतो तो गळ्यातल्या स्कार्फमुळे, 26 जानेवारीच्या संचलनामुळे, आणि ‘खरी कमाई’च्या दिवशी पोरांनी मांडलेल्या भेळेच्या टेबलामुळे. आठवी-नववीतल्या मुलाने स्काऊटला नाव घातलं की घरून पहिला प्रश्न येतो, दहावीला गुण वाढतात ना? वाढतात, महाराष्ट्रात तशी सवलत आहे. रेल्वेच्या भरतीतही स्काऊट-गाईडसाठी वेगळा कोटा असतो. प्रश्न गैर नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या स्कार्फला ना गुण होते ना कोटा. हिंदी, म्हणजे भारतीय, मुलांना तर तो घालायचीच मुभा नव्हती. तरी तो आपल्या मुलांच्या गळ्यात पडावा म्हणून मोठमोठी माणसं धडपडली. त्यांना त्यात काय दिसलं असेल?

सुरुवात होते ती युद्धात. ऑक्टोबर 1899 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंग या इंग्रजांच्या ताब्यातल्या गावाला बोअरांच्या, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या वसाहतवाल्यांच्या, सैन्याने वेढा घातला. तो 217 दिवस टिकला. गावाचा बचाव इंग्रज कर्नल रॉबर्ट बेडन पॉवेल यांच्याकडे होता आणि हाताशी माणसं थोडी होती. मग त्यांच्या हाताखालच्या लॉर्ड एडवर्ड सेसिल यांनी गावातल्या गोऱ्या मुलांचं एक पथक उभं केलं. निरोप पोचवायचे, टेहळणी करायची, दवाखान्यात हात द्यायचा, अशी कामं. मुलं आधी गाढवांवरून फिरत. धान्य आटलं तशी गाढवं लोकांच्या पोटात गेली आणि मुलं सायकलींवर आली. पोरांवर खरी जबाबदारी टाकली की ती निभावतात, हे बेडन पॉवेल यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं. याच वेढ्यात गावातल्या कृष्णवर्णीयांच्या वाट्याला शिधा तुटपुंजा आला आणि त्यांची उपासमार झाली. इतिहासकारांनी बेडन पॉवेल यांना त्याबद्दल धारेवर धरलं आहे. स्काऊटच्या गोष्टी सांगताना हा भाग सहसा गाळला जातो, गाळू नये.

इंग्लंडला परतल्यावर त्यांना एक नवल दिसलं. टेहळणी कशी करावी, माग कसा काढावा, यावर त्यांनी सैनिकांसाठी लिहिलेली पुस्तिका शाळकरी मुलं खेळ म्हणून वाचत होती. मग ऑगस्ट 1907 मध्ये त्यांनी ब्राऊनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन आठवडाभर तळ ठोकला. यात ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली मुलं होती आणि पूल-बोर्नमथकडच्या कष्टकरी घरांतलीही. लांडगा, बैल, कावळा आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी अशा चार टोळ्या केल्या, खांद्यावर त्या-त्या टोळीच्या रंगाची फीत लावली आणि प्रत्येक टोळीचा नायक मुलांमधूनच नेमला. बाकी गाठी, शेकोटी, माग काढणं हे सगळं पुढे बदलत गेलं, टोळी राहिली. माझ्या मते स्काऊटिंगमधली अस्सल कल्पना ही एकच. वर्गात चाळीसजण शिक्षकाकडे बघत असतात. टोळीत सहा-आठजण एकमेकांकडे बघतात, आणि भात करपला तर तो कोणी करपवला हे सगळ्यांना ठाऊक असतं.

1908 साली त्यांचं मुलांसाठीचं पुस्तक पंधरवड्याच्या अंकांतून निघालं आणि स्काऊटिंग वणव्यासारखं पसरलं. 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर स्काऊटांचा मेळावा भरला, तेव्हा मुलीही न बोलावता, स्काऊट म्हणवत हजर झाल्या. त्यांच्यासाठी 1910 पासून गर्ल गाईड्स निघाली.

त्याच 1909 साली बंगळूरला कॅप्टन टी. एच. बेकर यांनी भारतातलं पहिलं पथक काढलं, आणि 1911 मध्ये जबलपूरला गाईडचं. दोन्ही गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलामुलींसाठी. हिंदी पोरांना टेहळणी, खुणा आणि शिस्त शिकवली तर उद्या ती क्रांतिकारक होतील, अशी सरकारला धास्ती होती. खरं तर त्या धास्तीतच या शिक्षणाची ताकद कबूल केलेली होती.

दार उघडेना तेव्हा लोकांनी वेगळी दारं पाडली. मध्य प्रांतात 1913 साली विशीतल्या व्हिव्हियन बोस यांनी हिंदी मुलांसाठी काम सुरू केलं. नागपूरचे हे बोस पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. मद्रासकडे अ‍ॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन काढली. त्यांचे स्काऊट टोपीऐवजी फेटा बांधत आणि देशी गाणी म्हणत. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. कुंभमेळ्याच्या गर्दीत हरवलेल्यांना वाट दाखवणारी, आजाऱ्याला उचलून नेणारी ही मुलं. मॅफेकिंगला निरोप होते, इथे यात्रेकरू. तत्त्व तेच.

गंमत बघा. इंग्लंडमध्ये 1916 साली लहानग्यांसाठी कब विभाग निघाला तो किपलिंगच्या ‘जंगल बुक’वर बेतून. म्हणजे विलायतेतली मुलं शिवनीच्या रानातल्या ‘अकेला’ लांडग्याला नायक मानू लागली. शिवनी मध्य प्रांतातली, नागपूरपासून फार दूर नाही.

बेडन पॉवेल 1921 मध्ये भारतात आले, तेव्हा बेझंटबाईंची संघटना त्यांच्या संघटनेत विलीन झाली. सेवा समिती मात्र बाहेरच राहिली. 1937 साली ते दिल्लीच्या जांबोरीसाठी, म्हणजे स्काऊटांच्या मोठ्या मेळाव्यासाठी, पुन्हा आले, आणि भारतीयांच्या चारित्र्याबद्दल जे बोलले त्याने लोक संतापले. पुढच्याच वर्षी हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर एकाच देशात दोन गणवेश कशाला, हा प्रश्न होताच. नेहरू आणि मौलाना आझाद यांनी मनावर घेतलं, कुंझरू, वाजपेयी, बोस ही जुनी मंडळी एकत्र बसली, आणि 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स अँड गाईड्स जन्माला आली. गर्ल गाईड्स 15 ऑगस्ट 1951 रोजी तिच्यात आल्या. पुण्यात 1966 साली ‘संगम’ हे गाईड्सचं जागतिक केंद्र उघडलं. परदेशी मुली तिथे अजूनही राहायला येतात.

आज साधारण दहाव्या वर्षापासून सोळा-सतरापर्यंत स्काऊट किंवा गाईड होता येतं, पुढे पंचविशीपर्यंत रोव्हर किंवा रेंजर. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, अशी चढण आहे. ती सावकाश चढायची आहे. दहावीच्या वर्षी घाईने नाव घालून काही हाती लागत नाही, म्हणून सहावी-सातवीतच सुरुवात केलेली बरी. शाळेत पथक नसेल तर जिल्ह्याच्या स्काऊट-गाईड कार्यालयात शाळेबाहेरच्या पथकाची चौकशी करता येते. आणि चौकशीला गेलात तर आणखी एक विचारून घ्या: वर्षातून मुक्कामी शिबिरं किती होतात, आणि तिथला स्वयंपाक कोण करतं?