खिडकीतला कडुनिंब

मृग लागून आठवडा झाला होता, पण पावसाचा पत्ता नव्हता. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि नागपुरातल्या त्या दवाखान्यात तिला खिडकीजवळची खाट मिळाली. बाहेर जुना कडुनिंब होता. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो, तर म्हणाली, "निंबोळ्या पिवळ्या पडल्यात रे. बुलबुल येऊन खातो." दुखणं सोडून ती दुसऱ्या कशाबद्दल बोलली, ती ही पहिलीच गोष्ट.

नेमक्या याच ऑपरेशनच्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. रॉजर उलरिच या संशोधकांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या 1972 ते 1981 या काळातल्या नोंदी तपासल्या. वय, लिंग, धूम्रपान अशा बाबी जुळवून 46 रुग्णांच्या 23 जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडांना पानं असतात तेवढ्याच महिन्यांतले रुग्ण घेतले होते. झाडं पाहणारे सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंत पाहणारे 8.70 दिवसांत. पहिल्या गटाला वेदनेची तीव्र औषधंही कमी लागली. हा निष्कर्ष 1984 साली छापून आला. अभ्यास लहान आहे आणि त्यावरून झाड म्हणजे औषध असं कुणी म्हणू नये. पण रुग्णालयाच्या खिडकीकडे बघण्याची नजर त्याने बदलली.

असं का होत असावं? वेदनेवर लक्ष खिळलं की ती जास्त जाणवते. पान हलतं, पक्षी येतो, आणि लक्ष आपसूक तिकडे वळतं. दुसरं कारण ताणाचं: हिरवं काही दिसलं की मन हलकं होतं, आणि ताण असला की जखम उशिरा भरते. 1995 मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या 13 स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या 13 स्त्रिया यांच्या हातावर सारख्याच मापाची छोटी जखम करून पाहिली गेली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. म्हणूनच रुग्णालयात बाग हवी, आणि ती जितकी रुग्णाची, तितकीच रात्र रात्र बाकावर काढणाऱ्या नातेवाइकांचीही असावी, असं मला ठामपणे वाटतं.

बागेत नुसतं बसणं वेगळं आणि बागकामातून उपचार वेगळा. त्यात प्रशिक्षित माणूस सोबत असतो आणि प्रत्येक कामामागे हेतू असतो. पक्षाघातानंतर ज्याची बोटं उघडत नाहीत, त्याला मेथीचे दाणे एकेक उचलून कुंडीत टाकायला देतात. अंगठा आणि तर्जनीची तीच चिमूट पुढे शर्टाचं बटण लावायला लागते. झारी आधी पाव भरलेली, मग अर्धी. चाकाच्या खुर्चीत बसून हात पोहोचेल असा उंच वाफा हवा. मेथी तीन-चार दिवसांत डोकं वर काढते, त्यामुळे थोडेच दिवस राहणाऱ्या रुग्णालाही आपण लावलेलं उगवताना दिसतं. मनोरुग्णांच्या बागेत मात्र कण्हेर आणि धोतरा नकोच, दोन्ही विषारी.

आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो. हिरवळ आणि कारंजं फोटोत छान दिसतं, पण मे महिन्यात दुपारी तिथं कोण बसणार? इथं बाग म्हणजे आधी सावली: कडुनिंब, करंज, खाली पाठ टेकता येईल असा बाक, आणि वॉर्डापासून पायरी न लागणारी वाट. उन्हाळ्यात चालायचं ते सकाळी आठच्या आत. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासायचीच, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत जेमतेम तेवढाच वेळ लागतो.

किमोथेरपीने ज्यांची प्रतिकारशक्ती खूप खालावली आहे, त्यांच्याजवळ मातीची कुंडी ठेवू नये. ओल्या मातीतल्या बुरशीचे कण त्यांच्या फुप्फुसाला घातक ठरू शकतात. त्यांच्यासाठी बंद काचेपलीकडचं झाड आहेच. फक्त खाट तिकडे तोंड करून लावायला हवी.