'रिलेशनल'मधलं रिलेशन नेमकं कुठलं? टेबल, क्लास आणि एंटरप्राइझच्या जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

नव्या मुलांचे इंटरव्ह्यू घेताना मी एक प्रश्न हमखास विचारतो, रिलेशनल डेटाबेसला 'रिलेशनल' का म्हणतात? उत्तर जवळपास ठरलेलं असतं, सर टेबलांमधे एकमेकांत रिलेशन असतं, फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्याच्या ओळीकडे दाखवणारा कॉलम) असते, म्हणून रिलेशनल. मुलांचा दोष नाही, मलाही कॉलेजात हेच शिकवलं होतं आणि नोकरीची पहिली पाच-सहा वर्षं मी हेच धरून चाललो होतो. पण हे उत्तर चूक आहे, आणि ऑब्जेक्ट (प्रोग्राममधली डेटा आणि त्यावरची क्रिया एकत्र बांधलेली वस्तू, तिचा साचा म्हणजे क्लास) विरुद्ध टेबल हे जे भांडण जवळपास प्रत्येक मोठ्या सिस्टिममधे होतं त्याचा बराच भाग या एका शब्दापाशी येऊन पोचतो असं माझं ठाम मत झालंय. म्हणून ही पार्श्वभूमी जरा सविस्तर लिहितोय. जॉइन काय, नॉर्मलायझेशन काय, इनहेरिटन्स काय, हे वाचणाऱ्यांना माहीत आहे असं धरतो.

१९६०च्या दशकाचं थोडक्यात सांगतो. तेव्हा डेटा झाडासारखा नाहीतर जाळ्यासारखा ठेवायचे, एका रेकॉर्डमधून पुढच्या रेकॉर्डचा पत्ता धरून जायचं, आणि तो रस्ता प्रोग्रामरला तोंडपाठ लागायचा. त्यातली एक मोठी सिस्टिम तर चंद्रावर माणूस पाठवायच्या मोहिमेतल्या सुट्या भागांची यादी सांभाळायला तयार झाली. रस्ता बदलला की प्रोग्राम बदला, ही खरी डोकेदुखी होती. १९७० मधे कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या एका गणितज्ञाने शोधनिबंध लिहिला आणि म्हटलं की डेटा कसा ठेवलाय आणि तो वापरणाऱ्याला कसा दिसतो या दोन गोष्टी वेगळ्या करा, आणि दिसण्यासाठी गणितातलं रिलेशन वापरा.

हे गणितातलं रिलेशन म्हणजे तेच, जे आपण अकरावीत सेट्स आणि रिलेशन्समधे शिकतो. दोन-तीन-चार संच घ्या, त्यांच्यातल्या घटकांच्या जोड्या, त्रिकुटं वगैरे करा, आणि त्यातली काही निवडून एक संच बनवा, हा संच म्हणजे रिलेशन. म्हणजे रिलेशन हे दोन टेबलांच्या *मधे* नसतंच, टेबल हेच रिलेशन. एकच टेबल असलेला, एकही फॉरेन की नसलेला डेटाबेस पूर्णपणे रिलेशनल असू शकतो. फॉरेन की हा एक नियम आहे, ती नसतानाही कुठल्याही दोन जुळत्या कॉलमांवर जॉइन लागतोच, हे आपण रोज करतो आणि तरी व्याख्या सांगताना विसरतो.

घोळ इथेच संपत नाही. त्या मूळ निबंधातच 'रिलेशन' आणि 'रिलेशनशिप' असे दोन शब्द आहेत, आणि 'रिलेशनशिप'चा अर्थ आपण समजतो तो नाहीच. गणितातल्या रिलेशनमधे कॉलमांचा क्रम महत्त्वाचा असतो, पहिला, दुसरा, तिसरा. वापरणाऱ्याने क्रम लक्षात ठेवायची गरज नको, कॉलमला नाव असावं, म्हणून क्रम काढून टाकलेल्या रिलेशनला तिथे 'रिलेशनशिप' म्हटलंय. पुढे हा फरक मागे पडला, आणि १९७६ मधे वेगळ्याच एका निबंधातून एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल आलं ज्यात रिलेशनशिप म्हणजे खरोखर दोन गोष्टींमधलं नातं, तो शंकरपाळीसारखा चौकोन काढतो ना आपण, तो. आता आपल्याकडे डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) शिकवताना बहुतेक ठिकाणी आधी ई-आर (एंटिटी-रिलेशनशिप) डायग्राम घेतात आणि मग टेबल. त्यामुळे पोराच्या डोक्यात आधी नातं बसतं, मग 'रिलेशनल' शब्द कानावर पडतो, आणि दोन्ही चिकटतात. मराठीत तर दोघांनाही 'संबंध'च म्हणायचं, मग काय बोलणार.

शब्दावरून एवढं का ताणतोय? तर टेबल म्हणजे रिलेशन हे कळलं की ओळ म्हणजे काय हेही बदलतं. समजा पतसंस्थेच्या खात्यांचं टेबल आहे, त्यातली एक ओळ: १०४२, मुदत ठेव, ३१७, ५०,०००. ही ओळ म्हणजे खातं नाही. ही ओळ म्हणजे एक विधान आहे, "खातं क्रमांक १०४२ हे मुदत ठेवीचं आहे, ते खातेदार क्रमांक ३१७ चं आहे आणि त्यात ५०,००० रुपये आहेत". टेबलाचं शीर्षक, म्हणजे कॉलमांची नावं, हा त्या विधानाचा साचा, ओळ म्हणजे साच्यात भरलेलं खरं विधान, आणि क्वेरी म्हणजे खऱ्या विधानांवरून नवी खरी विधानं काढणं. एकच गोष्ट दोनदा सांगितली म्हणून ती जास्त खरी होत नाही, म्हणून रिलेशनमधे एकच ओळ दोनदा येऊ शकत नाही. (एसक्यूएलमधे, म्हणजे टेबलांना क्वेरी विचारायच्या रोजच्या भाषेत, येऊ शकते. एसक्यूएलने मूळ कल्पनेला जिथे जिथे मुरड घातली त्यातलं हे ठळक उदाहरण.)

आता दुसरी बाजू. ऑब्जेक्टचा जन्म ऑस्लोचा, १९६७च्या सिम्युला भाषेतला, आणि ती भाषा नावाप्रमाणे सिम्युलेशनसाठी होती. खिडकीशी रांग लागलीय, गिऱ्हाईकं येतायत, थांबतायत, जातायत, हे मशिनवर चालवून बघायचं. तिथे गिऱ्हाईक हे विधान असूच शकत नाही, ती एक वस्तू आहे, तिला स्वतःची ओळख आहे, वेळ जाते तशी तिची अवस्था बदलते. दोन गिऱ्हाईकांची सगळी माहिती सारखी असली तरी ती दोनच असतात. मग स्मॉलटॉक आली, १९८५ला सी++ बाजारात आली. त्याच सुमाराला, १९७९ पासून १९८६ पर्यंत, एसक्यूएलवाले डेटाबेस बाजारात येऊन एसक्यूएलचं स्टँडर्डही ठरून गेलं. दोन्ही प्रवाह शेजारी वाढले पण एकमेकांच्या घरी फारसे गेले नाहीत.

८०च्या दशकाच्या शेवटी मात्र गाठ पडली. इंजिनियरिंग ड्रॉइंगची सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्यांना टेबलांत डेटा मोडून ठेवणं जाच वाटायला लागला, त्यातून ऑब्जेक्ट ओरिएंटेड डेटाबेस निघाले. १९८९ मधे त्या बाजूच्या संशोधकांनी जाहीरनामा काढला, १९९० मधे टेबलवाल्यांनी उलट जाहीरनामा काढला, की ऑब्जेक्टच्या सोयी आम्हीच टेबलांत वाढवून घेऊ. आणि १९९५ मधे तिसरा, ज्याच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण त्यात प्रश्न फार स्वच्छ मांडला होता: ऑब्जेक्टच्या जगातला क्लास हा रिलेशनच्या जगात कशाच्या जागी बसवायचा?

दोन उत्तरं शक्य आहेत. एक, क्लास म्हणजे टेबल आणि ऑब्जेक्ट म्हणजे ओळ. दोन, क्लास म्हणजे कॉलमचा टाइप, म्हणजे 'रक्कम', 'तारीख', 'पत्ता', 'व्याजदर' हे क्लास, आणि टेबल हे त्यांच्यापेक्षा वेगळंच प्रकरण. तिसऱ्या जाहीरनाम्याने दुसरं उत्तर निवडलं आणि पहिल्याला पुढे सरळ मोठी घोडचूक म्हटलं. कारण वर सांगितलं तेच, ओळ हे विधान आहे, विधानाला मेथड (क्लासमधली क्रिया) कसली, विधानाला मुलं-नातवंडं कसली. रकमेला मात्र बेरीज असते, तारखेला पुढचा दिवस असतो, तिथे क्लास शोभतो.

एसक्यूएलच्या १९९९च्या स्टँडर्डने दोन्ही दारं उघडी ठेवली. स्वतःचा टाइप बनवून कॉलमला लावता येतो, आणि त्याच टाइपचं आख्खं टेबलही बनवता येतं, वर ओळीकडे बोट दाखवणारा रेफरन्सही आहे. म्हणजे १९७०ला जो पत्ता धरून चालायचा रस्ता बंद केला होता तो मागच्या दाराने परत आत. मला हा निर्णय आजही पटत नाही. पण इंडस्ट्रीने स्टँडर्डची वाट बघितलीच नाही, इंडस्ट्रीने क्लास म्हणजे टेबल हे केव्हाच गृहीत धरलं होतं, आणि त्याचं कारण शोधायला फार लांब जायला नको. टेबलांमधे 'रिलेशन' असतं असं शिकलेल्या माणसाला ई-आरमधली एंटिटी, डेटाबेसमधलं टेबल आणि जावामधला क्लास हे एकाच गोष्टीचे तीन फोटो वाटतात. मलाही वाटायचे.

आता माझा काळ. डिसेंबर १९९९ मधे जावाची 'एंटरप्राइझ' आवृत्ती आली आणि तिच्यात एंटिटी बीन नावाचा प्रकार होता. एक ओळ म्हणजे एक बीन. पुण्यात तेव्हा प्रत्येक सीव्हीवर 'एंटरप्राइझ जावा बीन्स' हे तीन शब्द असायचे, आणि मी ज्या प्रोजेक्टवर होतो तिथे एका टेबलासाठी होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस, बीन क्लास आणि वर एक्सएमएलमधली सेटिंग एवढा पसारा लिहायला लागायचा. सुरुवातीच्या व्हर्जनमधे बीन शेजारीच असला तरी बोलावणं रिमोट, म्हणजे खातेदाराचं नाव विचारायला नेटवर्कवरून गेल्यासारखं, मग आडनाव विचारायला परत. लोकल इंटरफेस २००१ मधे आले तोवर बरेच जण वैतागून गेले होते. त्याच वर्षी हायबरनेट आलं, साध्या जावा क्लासला एक्सएमएलने टेबलाशी जोडा आणि कामाला लागा. खरंच सुटका वाटली होती, हे मान्य केलंच पाहिजे, शंभर टेबलांचं तेच तेच इन्सर्ट-अपडेट हाताने लिहिण्यातून वाचलो. २००६ मधे एंटिटी बीनची जागा घेणारं नवं स्टँडर्डही बरंचसं याच वळणावर गेलं.

पण क्लास म्हणजे टेबल हे गृहीतक तसंच राहिलं, आणि त्याची किंमत रोज दिसायची. पतसंस्थेच्याच उदाहरणात 'खातं' हा मूळ क्लास आणि बचत, मुदत ठेव, पिग्मी ही त्याची पोरं. कागदावर सुंदर. टेबलात आणायचे तीन मार्ग. सगळं एकाच टेबलात कोंबा, मग मुदत ठेवीच्या ओळीत पिग्मी एजंटचा कॉलम रिकामा आणि पिग्मीच्या ओळीत मुदतीची तारीख रिकामी. नाहीतर प्रत्येक क्लासला वेगळं टेबल आणि साध्या यादीलाही तीन-तीन जॉइन. नाहीतर फक्त शेवटच्या पोरांची टेबलं आणि 'सगळी खाती दाखव' म्हटलं की युनियन. तिन्हीत काहीतरी गमवायचंच.

आणि ते एन प्लस वन. आमच्या ठेवींच्या यादीची स्क्रीन टेस्टिंगला चटकन उघडायची, दहा खाती होती. खऱ्या शाखेचा डेटा लावला, एका यादीत ४०० खाती, आणि स्क्रीन उघडेना. लॉग चालू करून बघितला तर खात्यांची एक क्वेरी आणि मग प्रत्येक खात्याच्या खातेदाराचं नाव आणायला एकेक, एकूण ४०१. कोडमधे फक्त 'खातं डॉट खातेदार डॉट नाव' एवढंच लिहिलेलं. कोड वाचणाऱ्याला ती ऑब्जेक्टची साधी वाट, डेटाबेसला ते ४०० हेलपाटे. म्हणजे पुन्हा एका रेकॉर्डमधून पुढचं रेकॉर्ड, १९६०च्या दशकातलंच चालणं. एका जॉइनने ते काम झालं, आणि त्या दिवसापासून मी लॉग न बघता कुठलीच स्क्रीन पास केली नाही.

यात एंटरप्राइझ आर्किटेक्चरचा, म्हणजे आख्ख्या कंपनीच्या यंत्रणांच्या आराखड्याचा, धागा कुठे? १९८७ मधे एका निबंधात कंपनीच्या सगळ्या माहिती यंत्रणेचा तक्ता मांडला गेला, आडव्या ओळींत मालकापासून बांधणाऱ्यापर्यंतच्या नजरा, आणि उभ्या रकान्यांत आधी तीन गोष्टी: डेटा, फंक्शन, नेटवर्क. पुढे माणसं, वेळ आणि हेतू हे रकाने जोडले. १९९५ मधे अमेरिकन संरक्षण खात्याच्या आराखड्यावरून जी पद्धत (टोगाफ) निघाली आणि आज सर्टिफिकेशनसाठी सगळे करतात, तिच्यातही डेटा आर्किटेक्चर वेगळं आणि ॲप्लिकेशन आर्किटेक्चर वेगळं. बघा, ऑब्जेक्टवाले सांगत होते डेटा आणि त्यावरची क्रिया एकत्र बांधा, आणि त्याच काळात वरच्या मजल्यावर या दोन्हींचे रकाने वेगळे आखले जात होते. रकाने वेगळे म्हणून टीम वेगळ्या, टीम वेगळ्या म्हणून टेबल डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) ठरवायचं आणि क्लास डेव्हलपरने, आणि दोघांमधला सांधा मॅपिंगच्या एक्सएमएलमधे जुळवायचा. ऑब्जेक्ट आणि टेबल जुळत नाहीत हे टेक्निकल दुखणं म्हणून सांगितलं जातं, मी बघितलेल्या ठिकाणी ते निम्मं तरी ऑफिसातल्या बसण्याच्या जागांचं होतं.

२००९च्या पुढचं सगळ्यांनी बघितलंय. नोएसक्यूएलची लाट आली, टेबलच नको म्हणाले, ऑब्जेक्ट आहे तसा जेसनमधे (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा साधा मजकूर) ठेवा. मग रिपोर्ट मागितले गेले आणि जॉइन परत हवे झाले. पोस्टग्रेस या टेबलवाल्या डेटाबेसने २०१२ मधे जेसनचा टाइप आणला, २०१४ मधे त्याचं जास्त वेगवान रूप, आणि बघितलं तर हे तिसऱ्या जाहीरनाम्यातल्या दुसऱ्या उत्तराच्या जवळचं आहे, गुंतागुंतीची वस्तू कॉलममधे, टेबल आपलं टेबल. मायक्रोसर्व्हिसने (सिस्टिम छोट्या स्वतंत्र सर्व्हिसमधे तोडायची पद्धत) प्रत्येक सर्व्हिसला आपापला डेटाबेस दिला, म्हणजे १९८७च्या तक्त्यातले डेटा आणि फंक्शन हे रकाने छोट्या छोट्या तुकड्यांत पुन्हा एकत्र आले, बदल्यात सर्व्हिस ओलांडून जॉइन गेला.

आणि २०२१ मधे जावा १६ मधे 'रेकॉर्ड' नावाचा क्लासचा प्रकार पक्का झाला. आत घातलेल्या किमती सारख्या तर दोन रेकॉर्ड सारखे, आणि एकदा बनवला की त्यातली किंमत बदलायची सोय नाही. आमच्या टीममधे आता यादीच्या स्क्रीनसाठी एसक्यूएल हातानेच लिहितो आणि येणारी ओळ सरळ रेकॉर्डमधे भरतो, 'ठेवयादीओळ' असं नाव, आत खातं क्रमांक, खातेदाराचं नाव, रक्कम, मुदतीची तारीख. रक्कम आणि तारीख यांचे आपापले क्लास आहेत, बेरजेच्या आणि मुदत मोजायच्या मेथड तिथे आहेत. 'ठेवयादीओळ'मधे एकही मेथड नाही.