खुनी आधी ठरतो, पुरावे मागून येतात

जळगाव-धुळ्याकडे थंडीत शेतात भरीत पार्टी ठरली की वांगी भाजून होईस्तोवर गप्पा रंगतात, कापसाचा भाव, कोणाचं लग्न जमलं, राजकारण, अन् आता त्यात रात्रीच्या क्राइम मालिकेतला खुनी कोण हा विषय हमखास असतोच. अमळनेरजवळच्या एका शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती तेव्हा आप्पा ठासून म्हणाले, "मी सांगस तुले, तो डॉक्टरनीच मारेल शे." मावशीने लगेच विचारलं, "मंग पोलिसले फोन त्यानीच कसाले करा?" आप्पांचं उत्तर तयारच होतं, "तेच ना! कोनले संशय येवाले नको म्हनीसन करा."

हे उत्तर जरा नीट बघा. डॉक्टरने फोन केला नसता तर आप्पा म्हणाले असते की बघा, घरात मुडदा पडलाय अन् यानं साधा फोनसुद्धा केला नाही. म्हणजे फोन केला तरी तोच खुनी, नाही केला तरी तोच. मग त्या फोनला पुरावा म्हणून काय किंमत राहिली? काहीच नाही. जी गोष्ट दोन्ही बाजूंनी आपलंच खरं करते ती खरं तर कोणतीच बाजू धरत नाही. आप्पा हुशार माणूस आहे, शेतीचा हिशोब त्यांच्याइतका पक्का कोणाचा नाही, पण मालिकेचा खुनी शोधताना त्यांचं डोकं जसं चाललं तसंच तुमचं-माझं पण चालतं, आणि थिअरी बांधायला मेंदूला कष्ट पडत नाहीत, ती तपासायला मात्र शिकावं लागतं हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

आधी हे बघू की आपल्याला थिअरी बांधल्याशिवाय चैनच का पडत नाही. 1920 च्या दशकात बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्याकडे शिकणाऱ्या दोन बायका होत्या, ब्लुमा झायगार्निक आणि मारिया ओव्हसियांकिना. झायगार्निक यांनी 1927 साली मांडलं की अर्धवट सोडायला लावलेली कामं माणसाला पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात, अन् ओव्हसियांकिना यांनी दाखवलं की मधेच तोडलेलं काम माणूस संधी मिळताच स्वतःहून परत हातात घेतो. यातला स्मरणाचा भाग पुढे सगळ्यांच्या प्रयोगात तसाच आला नाही, पण काम परत हातात घ्यायची ओढ जास्त पक्की निघाली. एपिसोड नेमका दार उघडताना का संपतो ते यातून कळतं. 1980 मध्ये अमेरिकेत 'डॅलस' मालिकेने मुख्य पात्राला मार्चमध्ये गोळी घातली अन् ती कोणी घातली ते नोव्हेंबरमध्ये सांगितलं, मधे हॉलीवूडच्या कलाकारांचा संप झाला म्हणून वाट आणखी लांबली, आणि जवळजवळ 8 महिने अख्खा देश अंदाज बांधत बसला. उत्तराचा एपिसोड तिकडे 8 कोटींच्या वर लोकांनी पाहिला.

पण नुसतं अर्धवट ठेवून भागत नाही. 2009 मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक या विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले, उत्सुकता वाढली तशी मेंदूतल्या कॉडेट नावाच्या भागात हालचाल वाढलेली दिसली, अन् हा भाग बक्षीस मिळणार या अपेक्षेशी जोडलेला आहे. त्याहून मजेदार म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर अजिबात येत नाही किंवा पक्कं येतं त्यापेक्षा अर्धंमुर्धं येतंय असं वाटतं त्याची उत्सुकता सगळ्यात जास्त होती. मालिका लिहिणारे आपल्याला बरोबर त्याच जागी धरून ठेवतात, दर एपिसोडला एक क्लू देतात अन् एक काढून घेतात.

आता आप्पांच्या फोनकडे परत येऊ. पीटर वेसन या इंग्लिश मानसशास्त्रज्ञाने 1960 साली एक प्रयोग केला तो तुम्ही आज घरी पण करू शकता. तो सांगायचा, माझ्या मनात तीन आकड्यांचा एक नियम आहे आणि 2, 4, 6 त्या नियमात बसतात, तुम्ही अजून तीन-तीन आकडे सांगा, मी बसतात की नाही ते सांगेन, अन् खात्री झाली की नियम सांगा. लोक म्हणायचे 8, 10, 12. बसतात. 20, 22, 24. बसतात. मग छातीठोकपणे सांगायचे, दोन-दोनने वाढणारे आकडे! चूक. नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमात हवेत, 1, 7, 300 पण चाललं असतं. पण तसं विचारून बघायचं फार थोड्यांना सुचलं, कारण सगळे आपल्या अंदाजाला "हो" मिळेल तेच विचारत होते, "नाही" मिळेल असं काही कोणी विचारेना. मावशीचा प्रश्न या "नाही"च्या बाजूचा होता म्हणून तो मला इतका आवडला. तुमचं खरं असेल तर अमुक गोष्ट व्हायला नको होती, ती कशी झाली? असा प्रश्न विचारणारा गप्पांमध्ये एक जण तरी पाहिजेच, लोक त्याला रसभंग करणारा म्हणतात तरी.

दुसरी गोष्ट, थिअरी जितकी सविस्तर तितकी ती खरी वाटते. कोणी म्हटलं "दिराने खून केला" तर आपण हं म्हणतो, पण कोणी म्हटलं "दिराने खून केला, कारण वडिलांनी केळीची बाग मोठ्या भावाच्या नावावर केली होती अन् याच्यावर भुसावळच्या सावकाराचं कर्ज होतं" तर आपण म्हणतो वा, पटलं! आता गणित बघा. दुसरी गोष्ट खरी व्हायला पहिली तर खरी हवीच, वर बाग पण खरी हवी अन् कर्ज पण खरं हवं, म्हणजे तिची शक्यता पहिलीपेक्षा जास्त असूच शकत नाही. ॲमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1983 साली हेच दाखवलं. लिंडा नावाच्या एका काल्पनिक बाईचं वर्णन दिलं, हुशार, सामाजिक प्रश्नांवर तळमळीने बोलणारी, अन् विचारलं की ती बँकेत कॅशियर असण्याची शक्यता जास्त की कॅशियर आणि शिवाय स्त्रीवादी चळवळीत असण्याची? साधारण 85 टक्के लोकांनी दुसरं निवडलं. मेंदू शक्यता मोजत नाही, गोष्ट किती छान जुळून आली ते मोजतो, अन् जुळलेल्या गोष्टीचा आनंद इतका खरा असतो की त्यालाच आपण पुरावा समजतो.

मालिकेत मात्र एक सवलत असते अन् ती समजून घेतली पाहिजे. तिथला प्रत्येक क्लू कोणीतरी मुद्दाम ठेवलेला असतो. कॅमेरा कपाटाच्या किल्लीवर दोन सेकंद जास्त थांबला, नावाजलेल्या नटाला एवढासा रोल दिला, यावरून फॅन लोक बरोबर अंदाज काढतात अन् ते चुकीचं नाहीच, ते खुन्याच्या मनाचा विचार करत नसतात, लेखकाच्या मनाचा करत असतात. लेखकाला पण हे माहीत असतं म्हणून तो खोटे माग सोडतो, मग फॅन त्यावर अजून एक पायरी चढतात. हा खेळ खरंच बुद्धीचा आहे आणि याला वेळ वाया घालवणं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

पण खऱ्या जगात क्लू कोणी ठेवलेले नसतात. तिथे किल्ली टेबलावर असते कारण कोणीतरी ती तिथे विसरलं, अनोळखी माणूस गावात दिसतो कारण त्याला पोट आहे. हे मी खान्देशात बसून लिहितोय म्हणून एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, राईनपाडा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं गाव. 1 जुलै 2018, बाजाराचा दिवस, भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे 5 जण मुलं पळवणारे आहेत असं ठरवून जमावाने मारून टाकले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या महिन्यांत देशभर मोबाइलवर फिरत होते, अन् त्यातला एक गाजलेला व्हिडिओ तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीचा तुकडा होता. मूळ जाहिरातीत मोटरसायकलवरचे लोक मुलाला उचलतात अन् परत आणून सोडतात आणि सावध राहायचा फलक दाखवतात, तो शेवट कापून व्हिडिओ फिरवला गेला. अनोळखी माणसं, झोळी, लहान मुलाशी बोलणं, सगळे तुकडे थिअरीत फिट्ट बसले, अन् ही माणसं आणखी कोण असू शकतील हा मावशीसारखा प्रश्न त्या गर्दीत चालला नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी 5 चॅटनाच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. मेसेजचा वेग त्याने कमी होतो, पण फिट्ट बसलेल्या गोष्टीवर विश्वास टाकायची सवय मोबाइलमध्ये नाही, आपल्यात आहे, आणि ती मोडायचा सराव जिथे कोणाचा जीव जात नाही अशा जागी करावा असं मला फार वाटतं.

तो सराव कसा करायचा ते सांगतो. शेवटचा एपिसोड संपला की सगळेच म्हणतात "मी तर आधीच म्हणलो होतो". बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1975 साली दाखवलं की निकाल कळला की तो आधीपासूनच दिसत होता असं माणसाला वाटायला लागतं, अन् यात कोणी खोटं बोलत नसतो, आठवणच तशी सरकते. म्हणून अंदाज एपिसोडच्या आधी कागदावर लिहा, नावासमोर टक्के पण लिहा. मग हिशोब हवामानवाल्यांच्या पद्धतीने करा, ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने 1950 मध्ये पावसाचे अंदाज तपासायला ती काढली. समजा आप्पांनी डॉक्टरवर 90 टक्के लावले, म्हणजे 0.9. डॉक्टर खुनी निघाला तर 1 मधून 0.9 वजा करून वर्ग करा, 0.01. नाही निघाला तर 0.9 चा वर्ग, 0.81. मावशीने त्याच डॉक्टरवर 40 टक्केच लावले असतील तर तो सुटल्यावर त्यांचा आकडा फक्त 0.16 येतो, अन् तो खुनी निघालाच तर 0.36. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला, अन् जो शंभर टक्के सांगून चुकला त्याच्या नावावर पूर्ण 1 चढतो. अशी आठ-दहा एपिसोडची सरासरी काढली की कोणाचं डोकं कसं चालतं ते कळतं, मग पुढच्या सीझनला पहिली थिअरी त्यालाच मांडू द्यायची.