जागतिक अजिंक्यपद: छताखालचं आणि उघड्या मैदानावरचं

मार्च २०२५ मध्ये चीनच्या नानजिंगला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. सप्टेंबरमध्ये टोकियोला पुन्हा जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. स्वीडनच्या मोंडो डुप्लांटिसनं बांबूउडीचं सुवर्ण दोन्हीकडे जिंकलं, नानजिंगला ६.१५ मीटर आणि टोकियोला ६.३० मीटर. सकाळी मैदानावर पळायला येणाऱ्या पोरांनी तेव्हा मला दोन प्रश्न विचारले. एकाच वर्षात माणूस दोनदा जगज्जेता कसा होतो? आणि नीरज चोप्रा नानजिंगला का गेला नाही?

दोन्ही स्पर्धा ‘वर्ल्ड ॲथलेटिक्स’ या एकाच संघटनेच्या. नानजिंगची होती इनडोअर, म्हणजे छताखालची. टोकियोची उघड्या मैदानावरची. बातमीत ‘इनडोअर’ हा शब्द गळला की घोळ झालाच. त्यात आपण ॲथलेटिक्सला ‘मैदानी खेळ’ म्हणतो, त्यामुळे मैदानी खेळ छताखाली ही गोष्टच आपल्या डोक्यात पटकन बसत नाही. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात बाहेर बर्फ असतो, तेव्हा खेळाडू आत पळतात आणि त्या हंगामाचा शेवट मार्चच्या आसपास या स्पर्धेनं होतो.

मैदानावरची स्पर्धा १९८३ साली हेलसिंकीत सुरू झाली. सुरुवातीला ती चार वर्षांनी व्हायची, १९९१ नंतर दोन वर्षांनी होऊ लागली. इनडोअरची पहिली अधिकृत स्पर्धा १९८७ ची, इंडियानापोलिसची. तीही विषम वर्षांतच व्हायची. २००३ नंतर लगेच २००४ मध्ये घेऊन ती सम वर्षांत नेली. पुढे कोरोनामुळे हे गणित बिघडलं. नानजिंगची स्पर्धा मुळात २०२० ची होती, ती ढकलत ढकलत २०२५ वर गेली. म्हणून २०२४ ला ग्लासगो आणि पुढच्याच वर्षी नानजिंग, अशा दोन इनडोअर स्पर्धा लागोपाठ आल्या.

आकारातला फरक लगेच दिसतो. टोकियोत नऊ दिवस आणि ४९ प्रकार, ग्लासगोत तीन दिवस आणि २६ प्रकार. पण इनडोअर म्हणजे मोठ्या स्पर्धेची छोटी आवृत्ती, असं समजू नका. छत आलं की खेळच बदलतो, आणि तो सगळ्यात जास्त बदलतो वळणावर.

बाहेरचा ट्रॅक ४०० मीटरचा, आतला २०० मीटरचा. बाहेरच्या वळणाची त्रिज्या साधारण साडेछत्तीस मीटर असते, आतल्याची १७ मीटरच्या आसपास. घाटात एसटी वळण घेते तेव्हा आपण सगळे एका बाजूला कलंडतो ना, तोच जोर धावणाऱ्याला बाहेर फेकत असतो. त्रिज्या निम्म्याहून कमी झाली की त्याच वेगाला तो जोर दुपटीहून जास्त होतो. म्हणून आतल्या ट्रॅकची वळणं बाहेरच्या कडेला उचललेली असतात, सुमारे दहा अंशांनी. तिथं धावपटू कसा पळतो ते एकदा नीट बघा. डावा खांदा खाली जातो, उजवा हात लांब फिरतो, आणि वळण संपून सरळ पट्टा लागला की तो उतारावरून सुटल्यासारखा पुढे येतो. पहिल्या लेनमधल्याचं वळण सगळ्यात आखूड, त्यामुळे त्याच्या नशिबी सगळ्यात जास्त कष्ट. जागतिक इनडोअरमधून २०० मीटरची शर्यत २००४ नंतर काढून टाकली ती याच अन्यायामुळे, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

४०० मीटर मात्र आहे आणि ती वेगळीच शर्यत होते. बाहेर प्रत्येक जण शेवटपर्यंत आपापल्या लेनमध्ये पळतो. आत दोन फेऱ्या असतात. पहिली दोन वळणं लेनमध्ये घेतली की सगळे आतल्या कडेकडे झेपावतात. खांद्याला खांदा लागतो, कोपर लागतं. त्या क्षणी जो पुढे असेल त्याला मागे टाकायचं तर बाहेरून, जास्त अंतर कापून जावं लागतं. ग्लासगोच्या अंतिम शर्यतीत नेदरलँड्सच्या फेम्के बोलनं ४९.१७ सेकंदांचा इनडोअर विश्वविक्रम केला. मैदानावरचा विक्रम ४७.६०, मारिटा कोखचा, १९८५ चा. दीड सेकंदाहून मोठी ही तफावत बघून कुणी बोलला कमी लेखू नये. दोन शर्यतींची मागणीच वेगळी आहे.

वेगवान धावपटूंचंही तसंच. आत १०० मीटर नसते, ६० मीटर असते. वारा नाही, त्यामुळे पाठचा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त होता का, म्हणजे विक्रम धरायचा की नाही, हा वाद नाही. सगळा खेळ सुटण्याचा आणि पहिल्या वीस-तीस पावलांचा. ग्लासगोत ख्रिश्चन कोलमननं ६.४१ सेकंदांत नोआ लायल्सला हरवलं, लायल्स ६.४४. त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकला १०० मीटरचं सुवर्ण लायल्सनं नेलं. उरलेल्या चाळीस मीटरांत काय काय घडतं, ते यावरून कळतं.

आता नीरजचा प्रश्न. भाला, थाळी आणि हातोडा छताखाली फेकायला जागाच नाही, म्हणून ते प्रकार तिथं नाहीत, गोळाफेक आहे. आपल्या बीडच्या अविनाश साबळेची स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची ३००० मीटरची शर्यत, तीही नाही, कारण त्या शर्यतीत पाण्याच्या खड्ड्यावरून सात वेळा उडी घ्यावी लागते. उलट ३००० मीटरची साधी शर्यत, पंधरा फेऱ्यांची, इनडोअरला आहे; मैदानावरच्या जागतिक स्पर्धेत ती नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सर्वेश कुशारेची उंच उडी दोन्हीकडे आहे. टोकियोत त्यानं २.२८ मीटर उडी मारून सहावा क्रमांक मिळवला, आणि तिथं उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला.

विक्रमांच्या बाबतीत उड्यांना छत आड येत नाही. व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासनं तिहेरी उडीत १५.७४ मीटरचा विश्वविक्रम केला तो २०२२ च्या बेलग्रेड इनडोअरमध्येच. आधीचा १५.६७ चा विक्रमही तिचाच, टोकियो ऑलिम्पिकच्या उघड्या मैदानावरचा. धावण्याचे विक्रम मात्र वेगळे नोंदवतात, आणि त्यांना आता ‘शॉर्ट ट्रॅक’ म्हणतात, कारण फरक छतापेक्षा वळणाचा आहे.

एक दार मात्र दोन्हीकडे उघडतं. ५००० मीटर ही शर्यत जागतिक इनडोअरमध्ये नाही. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बोस्टनच्या २०० मीटरच्या ट्रॅकवर गुलवीर सिंगनं हे अंतर १२ मिनिटं ५९.७७ सेकंदांत पार केलं, तेरा मिनिटांच्या आत जाणारा पहिला भारतीय. टोकियोसाठी पात्रता वेळ होती १३ मिनिटं १ सेकंद. छताखाली पंचवीस फेऱ्या मारून त्यानं उघड्या मैदानावरच्या जागतिक स्पर्धेची पात्रता मिळवली.